भाग ४१ : नव्वद वादक, एक ट्रक आणि अख्खा देश

(नेहमीप्रमाणे, ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा मजकूर. बोलताना अडखळले तिथे थोडं सरळ केलंय, बाकी जसंच्या तसं.)



माझा क्लायंट न्यूझीलंडचा आहे हे जुन्या श्रोत्यांना माहितीय, कारण त्यावर माझं यथेच्छ रडून झालेलं आहे. त्यांचं घड्याळ आपल्या साडेसहा तास पुढे. त्यांच्या उन्हाळ्यात साडेसात. म्हणजे तिकडे सकाळचे दहा वाजतात तेव्हा पुण्यात पहाटेचे साडेतीन, आणि मी एका हातात चहा, एका हातात डोळे धरून लॉगिन करत असते.

तर एका बुधवारी आमचा रिलीज होता. सगळ्यांनी शेवटपर्यंत थांबायचं असं ठरलेलं. आणि आमचा तिकडचा टेस्टर कॉलवर शांतपणे म्हणाला, "मी आज चारला निघणार. ऑर्केस्ट्रा आलाय."

आता 'ऑर्केस्ट्रा' म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर काय यावं? गणपतीचा मांडव, चकचकीत शर्टातला निवेदक, किशोरकुमारच्या आवाजात गाणारा एक काका आणि मागे कीबोर्डवर सगळी वाद्यं एकट्याने वाजवणारा पोरगा. मी म्हटलं, यासाठी हा माणूस रिलीज सोडून जाणार? मग त्याने सांगितलं की देशाचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा त्याच्या गावात आलाय, पोरीला घेऊन जायचंय, तिकिटं कधीचीच काढलीत.

मी नकाशा उघडला. हा राहतो इन्व्हरकार्गिलला. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाच्या पार खालच्या टोकाला, त्याच्याखाली एक छोटं बेट आणि मग थेट अंटार्क्टिकाकडे जाणारा समुद्र. वस्ती पन्नास-पंचावन्न हजारांची. माझं उदगीर याहून मोठं आहे! आणि तिथे देशाचा राष्ट्रीय ऑर्केस्ट्रा येतो?

हे मला का लागलं, ते सांगते. मी नववीत असताना मुंबईचं एक गाजलेलं नाटक लातूरला आलं होतं. बाबांनी आम्हा तिघांना एसटीने नेलं. नाव नाही सांगत, कारण बिचाऱ्यांचा दोष नव्हता. पण स्टेज लहान म्हणून अर्धा सेट लावलाच नव्हता. जाहिरातीतला मुख्य नट आला नव्हता, त्याच्या जागी दुसरा होता. आणि शेवटची बस चुकेल म्हणून आम्हीच शेवट न बघता निघालो. येताना बाबा म्हणाले, "आपल्यापर्यंत येईस्तोवर सगळं अर्धंच होतं गं." ते वाक्य काही माझ्या डोक्यातून जात नाही.

म्हणून मी त्या बुधवारपासून या न्यूझीलंड सिम्फनी ऑर्केस्ट्राच्या मागे लागले. प्रश्न एवढाच होता, 'राष्ट्रीय' हा शब्द यांनी कशाच्या जोरावर लावलाय?

आधी देशाचा अंदाज घ्या. क्षेत्रफळ दोन लाख अडुसष्ट हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्रापेक्षा थोडं कमी. माणसं किती? साधारण ५३ लाख. २०११ च्या जनगणनेत पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळूनच ४८ लाख होती. म्हणजे पुणेकर उचलायचे आणि चांद्यापासून बांद्यापर्यंत विखरून टाकायचे, मध्ये एक समुद्र घालायचा, आणि मग म्हणायचं की आता या सगळ्यांपर्यंत नव्वद वादक पोचवा.

हे त्यांनी सुरू केलं १९४६ मध्ये. तेव्हा तर अख्ख्या देशात अठरा लाखच लोक. महायुद्ध नुकतंच संपलेलं. आणि ऑर्केस्ट्रा काढला कुणी? कुठल्या राजाने नाही, कुठल्या शेठजींनी नाही. सरकारी रेडिओ खात्याने. मला ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. युरोपातले कितीतरी जुने वाद्यवृंद आधी दरबारात किंवा एखाद्या श्रीमंत शहरात वाढले आणि मग रेडिओवर गेले. इथे गंगा उलटी वाहिली. पहिली मैफल ६ मार्च १९४७ ला, वेलिंग्टनच्या टाऊन हॉलमध्ये. कंडक्टर होते अँडरसन टायरर. देशभरातून निवडलेले वादक. आणि मालकच रेडिओ असल्यामुळे, तिकीट काढून समोर बसलेला माणूस आणि डोंगरात मेंढ्या राखणारा माणूस, दोघंही पहिल्या दिवसापासून श्रोतेच.

(आपल्याकडेही १९५२ मध्ये आकाशवाणीने दिल्लीत वाद्यवृंद काढला होता, पंडित रविशंकर त्याचे प्रमुख होते. तो स्वतंत्र भागाचा विषय आहे. कुणी आठवण केलीत तर करेन.)

पण रेडिओ आहे म्हणून घरी बसले नाहीत. त्याच वर्षापासून दौरे सुरू. ऑकलंड, वेलिंग्टन, क्राइस्टचर्च, डुनेडिन ही चार मोठी शहरं, आणि त्यापलीकडची गावंसुद्धा. तेव्हाचा प्रवास रेल्वेने आणि रात्रभराच्या बोटीने. संध्याकाळी मोठ्यांसाठी मैफल आणि दिवसा शाळेतल्या पोरांसाठी वेगळी. १९४७ मधल्या एखाद्या दहा वर्षांच्या मुलाचा विचार करा. व्हायोलिन फक्त चित्रात पाहिलंय, आणि समोर एकदम वीस-पंचवीस व्हायोलिनं, सगळ्यांचे गज एकाच वेळी वर, एकाच वेळी खाली.

आता माझ्या आवडीचा भाग. ट्रक.

सिम्फनी ऑर्केस्ट्रा हलवणं म्हणजे काय हे मी नीट समजून घेतलं आणि मला आपल्या नाटकवाल्यांच्या बसबद्दलचा आदर आणखी वाढला. व्हायोलिनवाला आपली पेटी पाठीला लावून विमानात बसतो. पण डबल बास? उभ्या माणसापेक्षा उंच वाद्य, त्याला कपाटाएवढी पेटी. हार्प तर हार्पच. टिंपनी, म्हणजे तांब्याची ती मोठी नगारखान्यासारखी पातेली, एक नाही, चार. शिवाय घंटा, झांजा, मोठा ढोल, कंडक्टरचा चौथरा, स्वरलिपीच्या वह्या, त्या ठेवायचे स्टँड. हे सगळं रस्त्याने जातं. उत्तर बेटावरून दक्षिण बेटावर जायचं तर ट्रक वेलिंग्टनला फेरीबोटीत चढतो, कुकच्या सामुद्रधुनीतून साधारण साडेतीन तासांनी पिक्टनला उतरतो. आणि ती सामुद्रधुनी म्हणजे काही आपली रेवस-भाऊचा धक्का लाँच नव्हे, वारा आणि लाटांसाठी ती बदनाम आहे. ऑकलंडपासून इन्व्हरकार्गिलपर्यंत रस्त्याने दीड हजार किलोमीटरच्या वर भरतं.

आणि लाकडी वाद्याला हवा बदललेली कळते. ऑकलंडची दमट हवा, खाली दक्षिणेची थंड कोरडी हवा. वाद्य फुगतं, आकसतं, सूर हलतो. सतार किंवा तानपुरा ज्यांच्या घरी आहे त्यांना हे सांगायला नको. मग प्रत्येक गावात सभागृह वेगळं. काल जिथे आवाज गोल फिरून येत होता, तिथे आज तो पडद्यात शिरून गप्प. त्यामुळे दुपारी पोचायचं, बसायच्या जागा लावायच्या, त्या हॉलमध्ये थोडा वेळ वाजवून अंदाज घ्यायचा, संध्याकाळी मैफल, रात्री पुन्हा सगळं पेट्यांत. आम्ही सॉफ्टवेअरवाले 'माझ्या लॅपटॉपवर तर चालतंय' म्हणून हात झटकतो ना, तशी सोय यांना नाही.

बाबांचं ते 'अर्धं होतं' वाक्य घेऊन मी हे सगळं तपासत होते, त्यामुळे प्रामाणिकपणे सांगते. अगदी लहान गावात सगळे नव्वद जण जात नाहीत. रंगमंचावर मावतच नाहीत. तिथे कमी वादकांसाठी लिहिलेलं संगीत निवडतात आणि छोटा संच जातो. मोठ्या शहरांना वर्षाला जितक्या मैफली मिळतात तितक्या नेपिअरला, नेल्सनला, न्यू प्लिमथला मिळत नाहीत. पण यात एक फरक आहे. ते मोठ्या नाटकाचा सेट कापून आणत नाहीत, लहान स्टेजसाठीच लिहिलेलं पूर्ण नाटक आणतात. आणि वाजवणारे तेच असतात, जे काल राजधानीत वाजवत होते. 'गावाकडची दुसरी टीम' असा प्रकार नाही.

हे सगळं त्यांच्या चांगुलपणावर सोडलेलं नाही, बरं का. १९८८ मध्ये ऑर्केस्ट्रा प्रसारण खात्यातून वेगळा निघाला आणि २००४ मध्ये त्याच्यासाठी संसदेने स्वतंत्र कायदा केला. हो, एका वाद्यवृंदासाठी कायदा! देशातल्या लोकांना उत्तम दर्जाचं सिम्फनी संगीत प्रत्यक्ष आणि रेकॉर्डिंगमधून द्या, श्रोते देशभरात वाढवा, न्यूझीलंडच्या संगीतकारांच्या रचना वाजवा, असं काम त्यात नेमून दिलंय. म्हणजे ट्रक इन्व्हरकार्गिलला जातो तो मेहेरबानी म्हणून नाही, ते त्याचं काम आहे म्हणून.

त्यातलं ते शेवटचं, 'देशाच्या संगीतकारांच्या रचना', हे मला आधी नुसतं सरकारी वाक्य वाटलं. मग मला डग्लस लिलबर्न भेटला. म्हणजे वाचनात.

लिलबर्न न्यूझीलंडच्या एका मेंढपाळीच्या मुलखात वाढलेला मुलगा. संगीत शिकायला लंडनला गेला, व्हॉन विल्यम्ससारख्या मोठ्या माणसाकडे शिकला. १९४० मध्ये त्याने 'आओतेआरोआ' नावाची रचना केली. आओतेआरोआ हे न्यूझीलंडचं माओरी नाव. देशाच्या नावाची रचना, आणि ती पहिल्यांदा वाजली कुठे? लंडनमध्ये. परत आल्यावर १९४६ मध्ये त्याने एक भाषण केलं, आपल्या मातीचं असं संगीत आपल्याला शोधावं लागेल, अशा आशयाचं. पण सिम्फनी लिहिणाऱ्याची अडचण बघा. कवी कविता लिहितो आणि मित्राला वाचून दाखवतो. गायक एकटा गातो. सिम्फनी कागदावर लिहिली आणि वाजवायला साठ-सत्तर माणसं नसली तर ती आहे की नाही, हे लिहिणाऱ्यालाही कळत नाही. चालवायला मशिनच नसलेल्या कोडसारखी ती फाइल पडून राहते.

१९४७ मध्ये ते मशिन आलं. लिलबर्नची पहिली सिम्फनी १९४९ मध्ये लिहून झाली आणि १९५१ मध्ये याच राष्ट्रीय ऑर्केस्ट्राने ती पहिल्यांदा वाजवली. पुढे पन्नास वर्षं पूर्ण झाली तेव्हा ऑर्केस्ट्राने गॅरेथ फार या तरुण संगीतकाराकडून नवी रचना करून घेतली. तो स्वतः तालवाद्यं वाजवणारा, त्याने त्यात पॅसिफिक बेटांवरच्या लाकडी ढोलांचे ताल आणि इंडोनेशियाच्या गॅमेलानचा रंग आणला. ऐकून बघाच. सिम्फनी म्हणजे झोप, असं ज्यांना वाटतं त्यांनी तर नक्कीच.

बाकी मानाच्या गोष्टी भरपूर आहेत, पटकन सांगते. १९६१ मध्ये एकोणऐंशी वर्षांच्या स्ट्राविन्स्कीने वेलिंग्टनला येऊन यांच्यापुढे काठी हलवली. आणि 'हॉबिट' मालिकेतल्या दुसऱ्या-तिसऱ्या सिनेमाचं पार्श्वसंगीत तुम्ही ऐकलं असेल, तर अभिनंदन, तुम्ही या ऑर्केस्ट्राचे श्रोते आधीपासूनच आहात. ड्रॅगन येतो तेव्हा मागे वाजतात ते हेच लोक.

आता पैशाचं बोलू, कारण तुमच्यातला कुणीतरी केव्हाचा हात वर करून बसलाय. २०१८ च्या सुमाराला सरकार या ऑर्केस्ट्राला वर्षाला दीड कोटी न्यूझीलंड डॉलरच्या आसपास देत होतं. माणशी हिशेब केला तर तीन डॉलर. आपले दीडशे रुपयांच्या आतबाहेर. तिकडे त्यात एक धड कॉफीही येत नाही. पण प्रश्न रकमेचा नाहीच. जो माणूस आयुष्यात एकही मैफल ऐकणार नाही त्याने तीन डॉलर का द्यावेत? प्रश्न अगदी रास्त आहे आणि तिकडेही विचारला जातो. २०१२ मध्ये सरकारने देशातल्या सगळ्या वाद्यवृंदांचा आढावाच काढला. ऑकलंडकडे स्वतःचा चांगला ऑर्केस्ट्रा आहे, क्राइस्टचर्चकडे आहे. मग हा फिरता, खर्चिक, राष्ट्रीय कशाला हवा? खूप वादावादी झाली. शेवटी राष्ट्रीय ऑर्केस्ट्रा राहिला, दौऱ्यांसकट.

मला विचाराल तर ऑकलंडमध्ये बसून हा प्रश्न विचारणं सोपं आहे. तिथे उद्या हा बंद पडला तरी संध्याकाळ रिकामी जाणार नाही. ज्या गावाला स्वतःचा व्यावसायिक ऑर्केस्ट्रा कधीच परवडणार नाही, तिथल्या माणसासाठी ते तीन डॉलर म्हणजे वर्गणी आहे. सगळ्यांनी थोडी थोडी भरली तरच ट्रक टोकापर्यंत जाणार. आपण वीज आणि एसटी अशाच हिशेबाने गावात आणली, नफ्याच्या हिशेबाने आणली असती तर अजून वाट बघत असतो.

आणि लोकांना खरंच हवंय का, याची एक परीक्षा २०२० मध्ये झाली. ही गोष्ट आपल्या वयाच्या लोकांबद्दल आहे, म्हणून नीट ऐका. तिकडे सरकारी रेडिओचं एक शास्त्रीय संगीताचं केंद्र आहे, आरएनझी कॉन्सर्ट. या ऑर्केस्ट्राच्या मैफली देशभर पोचतात त्या त्यावरून. फेब्रुवारी २०२० मध्ये रेडिओच्या व्यवस्थापनाने जाहीर केलं की या केंद्राच्या एफएम लहरी काढून घेऊन तरुणांसाठी, म्हणजे १८ ते ३४ वयोगटासाठी, नवं केंद्र काढणार. शास्त्रीय संगीत जाईल एएमवर आणि इंटरनेटवर, निवेदकांशिवाय, आपोआप वाजणारं.

म्हणजे आपल्या नावाने! तरुणांना हे नकोच, असं गृहीत धरून. देशात गदारोळ झाला. माजी पंतप्रधान हेलन क्लार्क यांनी जाहीर विरोध केला, पंतप्रधान जॅसिंडा आर्डर्न यांनीही नाराजी दाखवली, आणि काही दिवसांतच तो बेत मागे घ्यावा लागला. तरुणांचं केंद्र नकोच, असं कुणी म्हणत नव्हतं. एकाच्या ताटातलं काढून दुसऱ्याला वाढू नका, एवढंच म्हणणं होतं.

गंमत म्हणजे हाच ऑर्केस्ट्रा १९५९ पासून तरुणांचा राष्ट्रीय वाद्यवृंदही चालवतो. देशभरातून चाचणी देऊन निवडलेली पोरं एकत्र येतात, कसून तालीम करतात आणि मोठ्या मंचावर वाजवतात. आणि २०२२ मध्ये मुख्य ऑर्केस्ट्राची कंडक्टर झाली जेम्मा न्यू, वेलिंग्टनमध्येच जन्मलेली. या पदावर आलेली पहिली बाई. निवड झाली तेव्हा पस्तिशीच्या आसपासची. तरुणांना काय आवडतं ते एखाद्या तरुणालाच विचारा की.

मग त्याच वर्षी कोरोना आला. जगभरातली सभागृहं बंद. वादक आपापल्या घरी, आणि घरी बसून नव्वद जणांनी एकत्र वाजवायचं कसं? इंटरनेटवर आवाज पोचायला क्षणभर उशीर होतो. कॉलवर 'हॅपी बर्थडे' म्हणून बघा, कसा चिवडा होतो कळेल. न्यूझीलंडमध्ये जूनमध्ये निर्बंध उठले आणि २६ जूनला हा ऑर्केस्ट्रा वेलिंग्टनच्या मायकल फाउलर सेंटरमध्ये पूर्ण संचात, समोर बसलेल्या माणसांपुढे वाजवायला लागला. त्याचं थेट प्रक्षेपणही झालं. मी ते तेव्हा नाही पाहिलं, तेव्हा मला यांचं नावही माहीत नव्हतं. यावर्षी शोधून पाहिलं. जून २०२० मध्ये आपण काय करत होतो आठवतंय ना? मी उदगीरला, गच्चीवर, मोबाइलला रेंज शोधत.

शेवटचं, त्या टेस्टरचं. रिलीज पार पडला, त्याच्याशिवाय. एक बग आलाच, तो मी काढला, ते असो. दुसऱ्या दिवशी मी कॉलवर विचारलं, कशी झाली मैफल? तो म्हणाला, छान झाली, पण पोरीला सगळ्यात जास्त काय आवडलं माहितीये? बाहेर पडल्यावर ती मागच्या दाराशी थांबली. टिंपनी कापडात गुंडाळून ट्रकमध्ये चढवत होते. तिने तिथल्या माणसाला विचारलं, आता हे घरी जाणार का? तो म्हणाला, नाही, उद्या डुनेडिन.

मी बाबांना फोन करून हे सांगितलं. ते जरा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "शेवटपर्यंत बसली का ती?"

म्हटलं, हो. शेवटपर्यंत.

चला मंडळी, साडेतीनला लॉगिन आहे, झोपते. लिलबर्नपासून सुरुवात करा, मग गॅरेथ फार, आणि हेडफोन चांगले वापरा. काय वाटलं ते कळवा. भेटू पुढच्या भागात.